वर्गणी भरावी की नाही? बर्फावर पाच दिवस जाणाऱ्यांसाठी एक वाद

पूर्णा हे रेल्वेचं गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग आणि अकोल्याकडे फुटणारा फाटा इथे एकत्र येतात. गावातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी रेल्वेत नोकरी केलेलं असतं. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्याची थंडी एका स्वेटरवर भागते. अशा गावातली एक मुलगी हिमालयातल्या औलीला जाऊन स्कीइंगचा प्राथमिक कोर्स करून आली. ती नांदेडला बँकेत आहे आणि पूर्णेहून रोज अपडाऊन करते. सोबत शिकलेल्या मैत्रिणी आता तिला एका मोठ्या शहरातल्या क्लबचं सभासद व्हायला सांगत आहेत. हा क्लब दर हिवाळ्यात हिमालयात स्कीइंगची सहल काढतो.

वर्गणी भरावी की नाही, यावर तिचा आणि तिच्या मामांचा बराच वाद झाला. मामा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांनी यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या मोहिमांमधून हिमालय पाहिला आणि संस्थेचं सभासद असणं म्हणजे काय, हे तिथेच अनुभवलं. भाचीचा दिवस आकड्यांत जातो. प्रश्न एका घरातला असला तरी वर्षातून एकदाच बर्फावर जाणाऱ्या प्रत्येकाला तो कधीतरी पडतो, आणि दोघांच्याही म्हणण्यात वजन आहे. म्हणून तो दोघांच्याच शब्दांत मांडत आहे.

भाची : मामा, मी हिशेब मांडून आणलाय. समजा वर्गणी वर्षाला 2,000 रुपये. सहल 20,000 ची आणि सभासदाला पाच टक्के सूट, म्हणजे 1,000 वाचले. बूट, स्की आणि पोलच्या भाड्यात दिवसाला शंभर रुपये कमी धरले तर पाच दिवसांचे 500. दीड हजार परत आले, पाचशे अंगावर पडले. आणि हे ज्या वर्षी मी जाईन त्या वर्षाचं. एलएफसी, म्हणजे बँकेची प्रवासभाड्याची सवलत, दरवर्षी मिळत नाही, हिवाळ्यात रजा मिळेलच असं नाही. एक वर्ष चुकलं की त्या वर्षाचे पूर्ण 2,000 पाण्यात.

मामा : तुझी बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, बाई. पण तू नांदेडला जातीस तेव्हा रोज तिकीट काढतीस की पास?

भाची : पास. पण का? रोज जाते म्हणून. वर्षातून एकदा दिवाळीच्या खरेदीला नांदेडला जाणारी बाई मासिक पास काढत नाही, आणि तिनं काढूही नये. बर्फाच्या बाबतीत मी त्या बाईसारखी आहे. पाच दिवसांची पाहुणी.

मामा : पाच दिवसांच्या पाहुण्यांनीच तर हा खेळ वाढवला. लंडनला स्की क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन निघाला 1903 मध्ये. ज्यांच्या देशात स्कीइंगजोगा डोंगर जवळजवळ नाही, अशा माणसांनी काढलेला तो क्लब. ते हिवाळ्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जायचे. त्या काळी आल्प्समधली हॉटेलं मुख्यतः उन्हाळ्यात चालायची. हेन्री लन नावाच्या गृहस्थानं हिवाळ्यात ती उघडायला लावली, त्यासाठी एक क्लब काढला आणि सभासदांना तिकडे न्यायला सुरुवात केली. त्याचा मुलगा आर्नल्ड लन. या मुलाचा जन्म 1888 चा, आपल्या मद्रासचा, कारण बाप तेव्हा तिथे मिशनरी होता. आज ऑलिंपिकमध्ये दोन खांबांमधून वळणं घेत उतरतात ना, ती आधुनिक स्लालमची शर्यत आर्नल्डनं 1922 मध्ये म्युरेन गावी घेतली. दोन वर्षांनी त्यानं तिथेच कंदहार स्की क्लब काढला. सुट्टीतलं स्कीइंग आणि क्लब एकाच घरात वाढलेत.

भाची : हे मला ठाऊक नव्हतं. पण मामा, तुमच्याच गोष्टीत माझं उत्तर आहे. त्या काळी क्लब नसता तर हॉटेलचं दारच उघडलं नसतं. जे बाजारात विकत मिळत नव्हतं ते क्लब देत होता, म्हणून वर्गणी वसूल होत होती. आज मी मोबाइलवर खोली घेते, गाडी घेते, प्रशिक्षकही ठरवते. दार उघडंच आहे.

मामा : आपल्याकडेही सुरुवात क्लबनंच झाली. गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया 1927 चा.

भाची : इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब. पुढे देश स्वतंत्र झाला आणि हा खेळ आपल्याला शिकवला तो सरकारी संस्थांनी. मनालीची गिर्यारोहण संस्था 1961 ची, तिचे वर्ग सोलंगला भरतात. गुलमर्गचं काम 1968 ला सुरू झालं, त्यातून पुढे पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था उभी राहिली. औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं. शुल्क भरलं की राहणं, जेवण, साहित्य, प्रशिक्षक सगळं त्यातच. मी कुठल्याही क्लबची सभासद नव्हते, तरी शिकले. परदेशात जे काम क्लबनं केलं, ते आपल्याकडे संस्थांनी केलं. मग नवशिक्याला क्लबनं द्यायचं काय उरलं?

मुलीचा हा मुद्दा भक्कम आहे. भारतात स्कीइंग शिकायचं असेल तर सर्वांत सरळ रस्ता या संस्थांचाच आहे, आणि तिथे दाराशी सभासदत्वाची पावती मागत नाहीत. क्लबचा प्रश्न खऱ्या अर्थानं सुरू होतो तो कोर्स संपल्यावर. मामांनी नेमकं तेच धरलं.

मामा : शिकलीस काय ते सांग.

भाची : पहिल्या दिवशी बूट घालून नुसतं चालणं. मग आडव्या पावलांनी उतार चढणं, पडणं, आणि पडल्यावर उठणं. उठणं सगळ्यांत अवघड, कारण दोन्ही पायांना लांब पट्ट्या जखडलेल्या असतात. नंतर स्नोप्लाऊ : स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडेवर दाब द्यायचा आणि वेग मारायचा. शेवटी त्याच पवित्र्यात वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत वळणं घ्यायची. कोर्स संपेपर्यंत सोप्या उतारावर न पडता खाली येत होते.

मामा : आणि पुढच्या वर्षी गेलीस की पहिले दोन दिवस हेच आठवण्यात जाणार. संस्थेच्या प्राथमिक वर्गात तुला पुन्हा बसवतील तर तू कंटाळशील. वरच्या वर्गात गेलीस तर मागं पडशील. मधल्या माणसाला जागा कुठाय? क्लबात तुझ्यासारखेच दहाजण असतात. एकजण थोडा पुढं, एकजण थोडा मागं. पुढचा तुला ओढतो, मागच्याला तू सांभाळतीस. सांभाळता सांभाळताच माणूस शिकतो.

भाची : असतात की नाही, हाच तर प्रश्न आहे. मैत्रिणी सांगतात, सहलीत अर्धे लोक अगदी नवखे असतात आणि चार-पाच पट्टीचे. पट्टीचे सकाळीच वर निघून जातात. नवख्यांची काळजी प्रशिक्षक घेतो. मधली माणसं उतारावर एकटीच राहतात. म्हणजे जी अडचण संस्थेत, तीच सहलीत. त्यापेक्षा मी दोन दिवसांसाठी चांगला प्रशिक्षक घेईन. तो माझं वळण बघेल, गुडघा कुठं चुकतो ते सांगेल. वर्गणीचे 2,000 रुपये त्याच्या फीकडे वळवले तर माझं स्कीइंग जास्त सुधारेल.

मामा : साहित्याचं काय? पर्यटकांच्या ठिकाणी भाड्यानं बूट घेतलास आणि दुकानदारानं कसंही बाइंडिंग लावून दिलं तर?

भाची : हे तुम्ही बरं विचारलंत. कोर्सनंतर एक दिवस मैत्रिणींबरोबर राहिले होते, तेव्हा एका दुकानात असंच झालं. मुलानं ना माझं वजन विचारलं, ना उंची. बूट कचकन बसवला आणि निघा म्हणाला. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या चापाचा, दाब माणसाचं वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळाची लांबी बघून लावायचा असतो. पाय पिरगळला की बूट स्कीतून सुटला पाहिजे. दाब जास्त असेल तर तो सुटत नाही आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो. कमी असेल तर भलत्याच वेळी सुटतो आणि माणूस तोंडावर आपटतो. मला हे कोर्समध्ये शिकवलं होतं, म्हणून मी ते परत लावून घेतलं. पण माझ्या शेजारी मुलांना घेऊन आलेलं एक कुटुंब होतं, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मामा : बघ! क्लबातला जुना माणूस त्या कुटुंबाबरोबर असता तर?

भाची : असता तर चांगलंच झालं असतं. पण मामा, इथे माहिती कामाला आली. ती क्लबमधून येवो, कोर्समधून येवो, की एखाद्या भल्या माणसाकडून. पैसे भरल्यानं ती आपोआप अंगात येत नाही.

मामा : ठीक. मग सुरक्षिततेचं बोलू. 1 फेब्रुवारी 2023 ला गुलमर्गच्या वर, अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळला आणि पोलंडहून आलेले दोन स्कीअर गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तिथेच रशियाचा एकजण गेला. गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा माणसाला 3,900 मीटरच्या वर नेऊन सोडतो. तिथून खाली येणारा सगळा उतार काही आखलेला, राखलेला नाही. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस वाचायचा तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच हाताशी असतात. तेवढ्या वेळात बाहेरून मदत येत नाही. वाचवणार तो सोबतीच. त्याच्याकडे सिग्नल पकडणारं यंत्र पाहिजे, लांब सळई पाहिजे, फावडं पाहिजे, आणि हे सगळं वापरायचा सराव पाहिजे. हा सराव एकट्या माणसाला जमतो का?

भाची : नाही जमत. इथे मी तुमचं पूर्ण ऐकते. राखलेल्या उताराबाहेर जायचं असेल तर सराव केलेली माणसं सोबत हवीतच, जोडीला तिथला जाणकार वाटाड्या हवा. अशा माणसाला क्लबवाचून पर्याय नाही, असं मी लिहून देते. पण मी तिकडे जाणारच नाही. सुट्टीत स्नोप्लाऊ करत येणाऱ्यानं तिकडे जाऊच नये. आणि एक भीतीही वाटते. क्लबच्या घोळक्यात असल्यामुळे माणूस जायला नको तिथे जातो. सगळे निघालेत, मग मीही निघाले, असं होतं. गट माणसाला वाचवतो, तसा कधी धोक्यातही नेतो.

मामा : हे मात्र खरं बोललीस. आमच्या मोहिमेत गटनेता कडक असायचा तो त्यासाठीच.

मामांच्या आवाजात इथे थोडा बदल झाला. आतापर्यंत ते एका संस्थेच्या बाजूनं बोलत होते. आता त्यांच्या बोलण्यात स्वतःचे दिवस आले. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया 1949 मध्ये म्हैसूरला सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पगारदार मध्यमवर्गातल्या अनेकांना हिमालय तिच्यामुळे परवडला. तिच्या राष्ट्रीय मोहिमांना यायचं तर आधी सभासद व्हावं लागतं. तळाचे तंबू, सामुदायिक जेवण, दारू-सिगारेटला बंदी, सकाळी ठरल्या वेळी रांगेत हजर, असा तिचा शिरस्ता.

मामा : तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. तुझ्या आईला मी पहिल्यांदा हिमालयात पाठवलं ते याच संस्थेतून. तुझ्या आजोबांनी आधी नकोच म्हटलं होतं. पूर्णेची लेक एवढ्या लांब एकटी कशी जाईल, कुणाच्या भरवशावर? मी त्यांना संस्थेचं पत्रक दाखवलं, शिस्त सांगितली, बायकांचे तंबू वेगळे असतात हे सांगितलं. तेव्हा ते हो म्हणाले. तू आज स्वतः कमावतीस, तुला कुणाला विचारायची गरज नाही. पण आपल्या गल्लीतल्या किती पोरींच्या घरी आजही 'एकटी जाते' म्हटलं की दार बंद होतं, आणि 'संस्थेबरोबर जाते' म्हटलं की उघडतं? याची किंमत तू तुझ्या हिशेबात कुठं लावलीस?

भाची : लावली नाही. लावता येत नाही म्हणून नव्हे, मला सुचलंच नाही. माझ्या बँकेत एक शिपाई आहेत, त्यांची मुलगी बारावीला आहे. तिला माझे फोटो दाखवले तर ती आठवडाभर त्याबद्दलच बोलत होती. तिच्या घरी मी जाऊन क्लबचं नाव सांगितलं तर फरक पडेल, हे खरं आहे.

मामा : आणि बर्फाचा भरवसा? जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडं होतं, बातम्यांत तू पाहिलंस. 2025 ला तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, बर्फ नाही म्हणून मार्चवर गेल्या. जोशीमठची, म्हणजे आताच्या ज्योतिर्मठची जमीन जानेवारी 2023 मध्ये खचली, घरांना तडे गेले, औलीचा रोपवे बंद पडला. अशा वेळी एकटा माणूस काय करणार?

भाची : एकटा माणूस तिकीट रद्द करतो आणि दोन आठवड्यांनी जातो. क्लबची तारीख सहा महिने आधी ठरलेली असते, चाळीस माणसांच्या सोयीनं. बर्फ असो-नसो, जावं लागतं. हवामान असं लहरी झाल्यावर ज्याच्या हातात तारीख असते तो फायद्यात राहतो. सहलीचे पैसे भरण्याआधी मी पहिला प्रश्न विचारेन तो हाच : बर्फ पडला नाही तर काय? आणि दुसरा विम्याचा. आपल्या प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. ते वेगळे पैसे भरून जोडून घ्यावे लागतात. क्लबनं विमा काढलाय म्हणतात, पण स्कीइंग त्यात धरलंय का, डोंगरावरून उचलून आणण्याचा खर्च धरलाय का, हे कागद बघितल्याशिवाय कळत नाही.

मामा : आपल्या दादाच्या क्लबात ते सगळं धरलेलं असतं.

दादा म्हणजे मामांचा मुलगा, तो म्युनिकला नोकरी करतो. जर्मन आल्पाइन क्लब त्याच शहरात 1869 मध्ये स्थापन झाला आणि आज त्याचे सुमारे 15 लाख सभासद आहेत. शेजारच्या ऑस्ट्रियाचा क्लब त्याहून जुना, 1862 चा. हे क्लब डोंगरातल्या झोपड्या सांभाळतात, पायवाटांवर खुणा रंगवतात, आणि सभासदांना तिथे मुक्कामाला कमी पैसे पडतात. वर्गणीतच डोंगरातून सुटकेच्या खर्चाचा विमा असतो. एवढ्यासाठी इंग्लंडचे लोकही ऑस्ट्रियाच्या क्लबचं सभासदत्व घेतात. त्यांच्यासाठी 1948 पासून ब्रिटनची वेगळी शाखाच आहे.

भाची : दादाचं उदाहरण मला फार आवडतं, पण ते माझ्या बाजूचं आहे. तो शनिवारी सकाळी उठतो, रेल्वेत बसतो, दुपारच्या आत उतारावर असतो, रात्री घरी. क्लबची बस जाते, क्लबच्या जुन्या साहित्याच्या बाजारात मुलांचे बूट मिळतात, मुलांचे पाय वाढले की तेच बूट तिथेच विकतात. त्याला झोपडी लागते, विमा लागतो, सोबत लागते, आणि हे वर्षभर लागतं. उन्हाळ्यात त्याच वाटांवर तो चालतो. तो रोजचा अपडाऊनवाला आहे, मामा. त्यानं पास काढलाच पाहिजे. मी पूर्णेहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार, हरिद्वारहून आख्खा दिवस डोंगरातली गाडी करत जाते. सात दिवसांच्या कोर्ससाठी जवळजवळ पंधरवड्याची रजा. माझा खरा खर्च रजेचा आणि रस्त्याचा आहे. त्याच्यापुढं सवलतीचे दीड हजार दिसतही नाहीत.

मामा : मग दुबईच्या तुझ्या मैत्रिणीनं काय करावं म्हणतीस?

भाची : तिच्याकडे मॉलमध्ये 2005 पासून बर्फाचा उतार आहे, सर्वांत लांब धाव 400 मीटरची. दोन तासांचं तिकीट काढायचं, वळणं घटवायची, घरी यायचं. तिला क्लबची काय गरज? तिनं प्रशिक्षकाचे चार तास घ्यावेत.

मामा : तू सगळ्याचं मोल वापरावर करायलीस. जितका वापर, तितकी वसुली. आता माझं ऐक. गिरिप्रेमी ही पुण्याची संस्था 1982 ची. 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली त्यांची मोहीम एव्हरेस्टला गेली आणि एकाच मोहिमेत आठजण शिखरावर पोचले. नोकरी-धंदा करणारी माणसं होती ती. ते बळ एव्हरेस्टच्या त्या काही आठवड्यांत आलं का? वर्षानुवर्षं दर रविवारी सह्याद्रीत दोर लावून आलं. आणि लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र बघ. कुणी दरीत पडलं, कुणी पावसात वाट चुकलं, की ही पोरं रात्री-बेरात्री दोर घेऊन निघतात. ज्याला वर आणतात तो त्यांचा सभासद नसतो. त्याच्याकडून ते पैसे घेत नाहीत. अशा संस्थेला तू वर्गणी दिलीस तर तिची वसुली तुला कधीच होणार नाही. ती होईल कुठल्यातरी अनोळखी आईला, जिचं पोर घरी परत येईल. याला तू तोटा म्हणशील का?

भाची : नाही म्हणणार. पण त्याला बचतही म्हणणार नाही. मामा, माझा राग वर्गणीवर नाहीच. 'सभासद व्हा आणि पैसे वाचवा' या वाक्यावर आहे. शिवदुर्गसारख्या संस्थेला मी पैसे देईन ते द्यायचे म्हणून देईन, मनापासून देईन. एखादा क्लब मला म्हणाला की आम्ही हे हे काम करतो, त्याला हातभार लाव, तर मी सवलत विचारणार नाही. सवलतीचं आमिष दाखवलं की मी कॅल्क्युलेटर काढणार, आणि त्यात तो क्लब हरणार.

मामा : आणि तू जिंकणार का? पाच दिवस बर्फावर, 360 दिवस इथं. त्या 360 दिवसांत तू काय करतीस? सकाळची गाडी, बँक, संध्याकाळची गाडी. जानेवारीत औलीला गेलीस की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. तुझीच तक्रार होती ती.

भाची : होती. प्रशिक्षकांनीही तेच सांगितलं होतं. यायच्या आधी दोन महिने मांड्यांचा, पोटाचा, तोल सांभाळण्याचा व्यायाम करून या. जिने चढा, उठाबशा काढा, चाकाचे स्केट चालवता आले तर उत्तम. मी ठरवलं होतं, पण एकटीनं ते आठवडाभरसुद्धा टिकलं नाही.

मामा : एकटीनं टिकत नाही. चारजण वाट बघत असले की टिकतं. मी जे मघापासून म्हणायलो ते हेच, पण मला ते नीट मांडता आलं नाही. क्लब बर्फावरच्या दिवसांसाठी नसतोच. बर्फ नसतो त्या दिवसांसाठी असतो.

भाची : थांबा मामा. असं असेल तर या वादाचा निकाल लागला. मोठ्या शहरातला तो क्लब मला त्या 360 दिवसांत काय देईल? त्यांचा रविवारचा सराव मला गाठता येणार नाही, रात्रभराचा प्रवास आहे. त्यांच्या व्याख्यानाला जाता येणार नाही. साहित्याची खोली बघायलाही मिळणार नाही. मी त्यांची फक्त पाच दिवसांची सभासद असेन, आणि पाच दिवसांसाठी ते महागच आहे. म्हणजे ती वर्गणी मी भरत नाही.

मामा : आणि मग?

भाची : आणि मग नांदेडला, परभणीला, संभाजीनगरला डोंगर चढणारी जी माणसं आहेत, त्यांच्यातल्या जवळच्या गटात जाते. त्यांच्यातला कुणी स्की बांधत नसेल, चालेल. रविवारी माहूरच्या डोंगरावर, कधी अजिंठ्याच्या रांगेत चालले तर माझ्या मांड्या तयार होतील. दोराची गाठ, प्रथमोपचार, हवामान बघणं हे तिथे शिकता येईल. तिथल्या चौघी-पाचजणी तयार झाल्या की आम्ही मिळून औलीच्या कोर्सला अर्ज करू, विमा मिळून काढू, दिल्लीपासून गाडी मिळून करू. सवलत तिथेच निघेल, आणि शिपाईकाकांच्या मुलीच्या घरी सांगायलाही ओळखीचा गट असेल. तुमच्या यूथ हॉस्टेलचं सभासदत्वही घेते, कारण उन्हाळ्यात त्यांच्या मोहिमेला मी खरंच जाणार आहे.

मामा : आता मला तुझा हिशेब पटला. मघाशी तू वर्गणीला पाचानं भागलंस, म्हणून ती महाग वाटली. आता 365 नं भागायलीस. माझंही थोडं चुकत होतं. सभासद व्हायचं म्हटलं की कुठंही व्हावं, असं मी धरून चाललो होतो. जिथं आपलं जाणं-येणं होणार नाही, तिथं नाव लावून उपयोग नाही.

वाद इथे मिटला, आणि दोघांनी मिळून जे उत्तर काढलं ते मला बरोबर वाटतं. सुट्टीत स्कीइंग करणाऱ्या माणसाला क्लबची वर्गणी सवलतीतून परत मिळत नाही. ती मिळेल असं सांगणाऱ्याचा हिशेब कागदावर तपासून पाहावा. शिकण्यासाठी आपल्याकडे चांगल्या सरकारी संस्था आहेत, त्यांना प्राधान्य द्यावं. राखलेल्या उताराबाहेर जायची इच्छा असेल तर मात्र सराव केलेल्या गटाला पर्याय नाही, तिथे पैशाचा विचारच करू नये. म्युनिकच्या दादासारखा ज्याचा डोंगर दाराशी आहे, त्यानं निर्धास्तपणे सभासद व्हावं. बर्फापासून दोन-तीन दिवसांच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी वर्गणी भरण्याआधी क्लबला एक प्रश्न विचारावा : बर्फ नसतो तेव्हा तुम्ही काय करता, आणि त्यात मला येता येईल का? उत्तर होकारार्थी असेल तर पैसे भरावेत, सवलतीचं नाव काढू नये आणि दर रविवारी हजर राहावं. नकारार्थी असेल तर तेच पैसे चांगल्या प्रशिक्षकाला, विम्याला आणि नीट बसणाऱ्या बुटांना द्यावेत, आणि आपल्या गावात चार सोबती शोधायला लागावं.